बळींचे स्मरण आणि वाक्यातील कर्ता : इटलीतील 'शिशाच्या वर्षां'संबंधीच्या वाङ्मयाचा विचार

१

इटलीच्या अलीकडील इतिहासात १९६९ पासून १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंतच्या कालखंडास 'शिशाची वर्षे' असे म्हणण्याचा प्रघात आहे. शिसे म्हणजे येथे बंदुकीची गोळी. ह्या काळात डाव्या व उजव्या अशा दोन्ही टोकांच्या सशस्त्र गटांनी न्यायाधीश, पोलीस, पत्रकार, प्राध्यापक आणि कामगार ह्यांचे प्राण घेतले. बँकेत, आगगाडीत आणि रेल्वेस्थानकावर ठेवलेल्या बाँबनी ज्यांचा राजकारणाशी काडीचाही संबंध नव्हता अशी माणसे मेली. ह्या कालखंडासंबंधी इटालियन भाषेत निर्माण झालेले वाङ्मय विपुल आहे. त्यातील काही मोजक्या कृतींच्या आधारे एका मर्यादित प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. राजकीय हिंसेची कथा सांगताना मारणारा आणि त्याचे कुटुंब कथेच्या मध्यभागी का येते, व मेलेला मनुष्य कडेला का पडतो, हा तो प्रश्न होय.

प्रश्नाचे स्वरूप ध्यानात येण्यासाठी कालखंडाच्या नावापासूनच आरंभ करणे सोयीचे होईल. हे नाव इटालियन भाषेत रूढ झाले ते एका जर्मन चित्रपटामुळे. मार्गारेटे फॉन ट्रोटा ह्या दिग्दर्शिकेच्या चित्रपटास १९८१ साली व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंहाचे पारितोषिक मिळाले, आणि त्याचे इटालियन नाव, म्हणजेच 'शिशाची वर्षे', पाहता पाहता एका संपूर्ण काळाचे नाव बनले. मूळ जर्मन नावातील विशेषणाचा अर्थ 'शिशासारखा जड' असा आहे, आणि त्याचा रोख दिग्दर्शिकेच्या वाढत्या वयातील, १९५० च्या दशकातील, कोंदट वातावरणाकडे आहे. भाषांतरात विशेषणाचे नाम झाले. त्याबरोबर जडपणा मागे पडून गोळी पुढे आली. अर्थांतराचे हे उदाहरण भाषाभ्यासकाला उद्‌बोधक वाटावे असेच आहे. परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. हा चित्रपट गुड्रुन एन्स्लिन ह्या जर्मन दहशतवादी स्त्रीच्या आणि तिच्या बहिणीच्या जीवनावर आधारलेला असून त्याची नायिका ही बहीण आहे. तुरुंगातील भेटी, बहिणीचा तुरुंगातच झालेला मृत्यू, त्या मृत्यूचे सत्य शोधण्याचा ध्यास आणि मागे राहिलेले मूल हा त्याचा विषय होय. मारणाऱ्यांनी ज्यांना मारले त्यांच्यापैकी कोणाचेही घर त्यात दिसत नाही. म्हणजे ज्या काळात शेकडो कुटुंबांनी आपली माणसे गमावली, त्या काळाला नाव मिळाले ते मारणाऱ्या बाजूच्या एका कुटुंबाच्या कथेवरून.

चित्रपट चांगला आहे ह्याविषयी दुमत असू नये. बहिणीचे दुःख खरे आहे आणि त्या दुःखात खोटेपणाचा अंश नाही. म्हणूनच हा प्रश्न एखाद्या कलाकृतीच्या किंवा एखाद्या संपादकाच्या नीतिमत्तेचा ठरत नाही. त्याची मुळे कथनाच्या घडणीत शोधली पाहिजेत.

२

ह्या ठिकाणी आपल्याकडील व्याकरणपरंपरेचे साहाय्य घेता येईल. पाणिनीच्या कारकव्यवस्थेत क्रियेशी ज्यांचा साक्षात् संबंध येतो त्यांनाच कारके म्हणतात. त्यांत कर्ता हा स्वतंत्र मानला आहे. कर्म कोणते, हे मात्र कर्त्याच्या इच्छेवरून ठरते. कर्त्याला क्रियेने जे सर्वाधिक गाठावयाचे असते ते कर्म. ही व्याख्या हिंसेच्या वाक्याला लावून पाहिली म्हणजे तिचा अर्थ अंगावर येतो. 'अमुकाने तमुकाला मारले' ह्या वाक्यात तमुक कोण होता, हे मारणाऱ्याच्या इच्छेने ठरते. मारणाऱ्याच्या लेखी तो 'राज्यसत्ता' असतो, 'भांडवलशाही' असते, 'वर्गशत्रू' असतो. त्याच्या स्वतःच्या आयुष्यात तो जे काही होता, त्यातले वाक्यात काहीही येत नाही.

परंतु वैयाकरणांनी एवढ्यावरच विचार थांबविलेला नाही. कर्त्याला जे इष्ट नाही, परंतु क्रियेचा स्पर्श ज्याला इष्ट वस्तूसारखाच होतो, त्यालाही कर्म म्हणावे अशी दुसरी तरतूद आहे. तिचे एक परंपरागत उदाहरण असे : गावाला जाणारा मनुष्य वाटेत गवताला स्पर्श करतो. जावयाचे आहे ते गावाला. गवत वाटेत आले एवढेच. राजकीय हिंसेत मेलेल्यांपैकी कितीतरी माणसांची अवस्था ह्या गवतासारखी आहे. अंगरक्षक, मोटारचालक, बँकेत पैसे भरावयास आलेला शेतकरी ह्यांच्यापैकी कोणीही मारणाऱ्याच्या मनात नव्हता. मुख्य कर्माला निदान शत्रू म्हणून तरी नाव असते. गवताला वृत्तपत्रांच्या भाषेत 'इतर' म्हणतात.

आता षष्ठीचा विचार करू. षष्ठी विभक्तीने दाखविला जाणारा संबंध हा कारक नाही, कारण त्याचा क्रियेशी साक्षात् अन्वय नसतो. कारकांचा हिशेब पुरा झाल्यावर जे उरते ते षष्ठीच्या वाट्याला येते, म्हणून परंपरेने तिला शेषाची विभक्ती म्हटले आहे. 'मारणाऱ्याची बहीण', 'मारणाऱ्याचा पिता' ही पदे षष्ठीची होत. हत्येच्या क्रियेत ह्या बहिणीचा किंवा पित्याचा काहीही भाग नाही, आणि हेच त्यांच्या निर्दोषतेचे व्याकरणातील रूप आहे. 'मेलेल्याचा मुलगा', 'मेलेल्याची पत्नी' हीही षष्ठीचीच पदे. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही कुटुंबे समान अंतरावर उभी आहेत. मग कथेत एक कुटुंब जवळ आणि दुसरे दूर असे का होते? उत्तर उघड आहे. एका षष्ठीचा संबंध कर्त्याशी आहे आणि दुसरीचा कर्माशी. वाक्याचे अवधान कर्त्याकडे असते. त्याच्या आधाराने त्याचे आप्तही उजेडात येतात.

ह्याला कथनाचे आणखी एक कारण जोडले पाहिजे. कथेला स्थित्यंतर लागते. मारणारा पकडला जातो, कबुली देतो, पश्चात्ताप करतो किंवा करीत नाही, वर्षांनी सुटतो. इटलीत १९८० आणि १९८२ च्या कायद्यांनी तपासात साहाय्य करणाऱ्यांना शिक्षेत सूट दिली, आणि लोकभाषेने अशा व्यक्तींना 'पश्चात्तापी' असे नाव दिले. वस्तुतः कायद्याला हवी होती ती माहिती. पश्चात्ताप झाला की नाही हे पाहण्याचे साधन न्यायालयापाशी नव्हते. परंतु ह्या एका शब्दाने मारणाऱ्याला अंतरंग दिले, आणि अंतरंगाबरोबर पुढे सरकणारी कथाही दिली. मृताला पुढचा दिवस नसतो. म्हणून कथालेखक त्याच्यापाशी थांबत नाही.

३

हे विवेचन अमूर्त वाटू नये म्हणून एक प्रकरण पाहू. एमिलिओ आलेस्सांद्रीनी हे मिलान येथील न्यायदंडाधिकारी होते. १२ डिसेंबर १९६९ रोजी मिलानच्या फोंताना चौकातील बँकेत झालेल्या, १७ माणसांचा बळी घेणाऱ्या बाँबस्फोटाच्या तपासात उजव्या अतिरेक्यांचा माग काढणाऱ्यांत त्यांचा समावेश होता. २९ जानेवारी १९७९ रोजी सकाळी आपल्या लहान मुलाला शाळेत सोडून ते कामावर निघाले असता वाटेतील चौकात 'प्रीमा लीनेआ' ह्या डाव्या सशस्त्र गटाने त्यांना गोळ्या घालून ठार केले.

पुढील वर्षी एका कबुलीजबाबातून मारणाऱ्यांत मार्को दोनात-कात्तिन ह्याचे नाव बाहेर आले. मार्कोचे पिता कार्लो दोनात-कात्तिन हे अनेकवार मंत्रिपद भूषविलेले, ख्रिस्ती लोकशाही पक्षाचे तत्कालीन उपसचिव. पंतप्रधान फ्रांचेस्को कोस्सीगा ह्यांनी पित्याला मुलासंबंधी आगाऊ सूचना दिली, असा आरोप झाला. १९८० च्या उन्हाळ्यात संसदेच्या संयुक्त अधिवेशनात त्यावर मतदान झाले व कोस्सीगांविरुद्ध खटला चालविण्याची मागणी फेटाळली गेली. पित्याने पक्षातील पद सोडले. त्या महिन्यांत वृत्तपत्रांचे रकाने ज्या प्रश्नांनी भरले ते प्रश्न सर्वांच्या परिचयाचे आहेत. पित्याला काय ठाऊक होते? असा मुलगा अशा घरात कसा निपजला? पितृधर्म मोठा की राजधर्म? ह्या प्रश्नांत खरोखरच नाट्य आहे, आणि ते विचारण्यात गैर काही नव्हते. पंतप्रधानाने कायदा मोडला काय, हे जाणण्याचा नागरिकांना अधिकारच होता.

परंतु ह्या कथेत मार्को नावाचे दोन मुलगे होते. दुसरा मार्को हा आलेस्सांद्रीनींचा मुलगा. त्या सकाळी शाळेत सोडलेला तो हाच. एका मार्कोचा पिता मंत्री होता म्हणून त्याच्या घरावर प्रकाश पडला. दुसऱ्या मार्कोच्या पित्याचा खून झाला होता, आणि ही गोष्ट बातमीच्या दृष्टीने एक वर्ष जुनी होती. पहिला मार्को शिक्षा भोगीत असता १९८८ साली व्हेरोना शहराजवळ महामार्गावर अपघातग्रस्तांना मदत करावयास थांबला आणि मोटारीखाली सापडून मरण पावला. ह्या अंताने त्याच्या कथेला पूर्णता आली. कोणीही कादंबरीकार असा शेवट आनंदाने स्वीकारील. दुसरा मार्को वकील झाला आणि पुढे २०१४ ते २०१९ ह्या काळात पेस्कारा शहराचा महापौर होता. त्याच्या आयुष्यात असा शेवट नाही. तेथे आहे ते दीर्घकाळ चाललेले, साधे, पित्यावाचूनचे जगणे. कथनाची प्रचलित साधने अशा जगण्यापुढे लंगडी पडतात.

४

जे लिखित वाङ्मयात घडते तेच चित्रातही घडते. ह्या कालखंडाचे सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र १४ मे १९७७ रोजी मिलानमध्ये निदर्शनांच्या वेळी घेतलेले आहे. तोंड झाकलेला एक तरुण, गुडघे किंचित वाकवून, दोन्ही हातांनी पिस्तूल रोखून रस्त्याच्या मध्यभागी उभा आहे. उंबेर्तो एको ह्यांनी त्याच महिन्यात ह्या छायाचित्रावर लेख लिहिला. क्रांतीच्या परंपरागत प्रतिमांत समूह असतो. येथे एकटा पिस्तूलधारी आहे, म्हणून ही प्रतिमा क्रांतीच्या कल्पनेपासून तुटलेली आहे, असे त्यांच्या प्रतिपादनाचे तात्पर्य. चिन्हमीमांसेच्या दृष्टीने तो लेख मार्मिक आहे. परंतु चौकटीत काय आहे ह्याचाच विचार त्यात मुख्यत्वे आहे. त्या दिवशी त्या रस्त्यावर आंतोनिओ कुस्त्रा हा तरुण पोलीस गोळी लागून मेला. तो चौकटीत नाही. त्याची पत्नी त्या वेळी गरोदर होती. मुलगी जन्मली ती पित्याच्या मृत्यूनंतर. ज्या चित्राने हा काळ जगाच्या स्मरणात राहिला, त्या चित्रात क्रियेचा कर्ता आहे आणि कर्म चौकटीबाहेर राहिले आहे.

आल्दो मोरो ह्यांच्या प्रकरणात तर कर्म आणि गवत हा भेद उघडाच दिसतो. १६ मार्च १९७८ रोजी रोमच्या फानी रस्त्यावर रेड ब्रिगेडने माजी पंतप्रधान मोरो ह्यांचे अपहरण केले, आणि ५५ दिवसांनी, ९ मे रोजी, त्यांचा मृतदेह एका मोटारीत सापडला. ह्या ५५ दिवसांवर ग्रंथ, चौकशी-समित्यांचे अहवाल, नाटके आणि चित्रपट ह्यांची रास पडली आहे. अपहरणाच्या वेळी मोरोंच्या रक्षकदलातील पाच जण मारले गेले : ओरेस्ते लेओनार्दी, दोमेनिको रिच्ची, राफाएले इओझ्झीनो, जुलिओ रिव्हेरा, फ्रांचेस्को झिझ्झी. त्यांपैकी इओझ्झीनो नेपल्सकडच्या एका लहान गावचा, रिव्हेरा मोलीझे प्रांतातला, झिझ्झी पुलियातला. दक्षिणेतील सामान्य घरांतून पोटासाठी पोलिसात आलेले हे तरुण होते. इओझ्झीनो मोटारीबाहेर पडून उलट गोळी झाडू शकला आणि मग पडला. म्हणजे त्या सकाळच्या एका वाक्यात तो कर्ताही होता. परंतु सर्वसाधारण कथनात हे पाच जण 'पाच रक्षक' ह्या एका संख्येत सामावतात.

मार्को बेल्लोक्किओ ह्यांच्या २००३ च्या चित्रपटात हे प्रकरण अपहरणकर्त्यांपैकी एका तरुणीच्या नजरेतून पाहिले आहे. बंद घर, त्यातील कैदी आणि तिच्या मनातील द्वंद्व एवढाच त्याचा अवकाश आहे, आणि फानी रस्त्यावरील हत्याकांड त्या घरात पोहोचते ते दूरचित्रवाणीच्या बातमीतून. त्याच दिग्दर्शकाने २०२२ साली ह्याच विषयावर सहा भागांची दुसरी कृती केली. तीत तो घराबाहेर आला आणि एक भाग त्याने मोरोंच्या पत्नीच्या दृष्टिकोनाला दिला. एकाच कलावंताच्या हातून एकोणीस वर्षांत झालेले हे स्थलांतर लक्षणीय आहे. कर्त्याच्या अंतरंगाकडून तो कर्माच्या षष्ठीपर्यंत आला. पाच रक्षकांच्या घरांपर्यंत मात्र तोही गेलेला नाही.

५

ह्या पार्श्वभूमीवर २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मारिओ कालाब्रेझी ह्यांच्या ग्रंथाचे महत्त्व ध्यानात येते. (त्याचे इंग्रजी भाषांतर २००९ साली निघाले.) लेखकाचे पिता लुईजी कालाब्रेझी हे मिलानचे पोलीस अधिकारी, १७ मे १९७२ रोजी घरासमोर त्यांची हत्या झाली. लेखक तेव्हा दोन वर्षांचा होता, आई तिसऱ्या वेळी गरोदर होती. ग्रंथाच्या उपशीर्षकात लेखकाने 'माझ्या कुटुंबाची आणि दहशतवादाच्या इतर बळींची कथा' असे म्हटले आहे. वर ज्या 'इतर' ह्या शब्दाचा उल्लेख केला तोच येथे आला आहे, परंतु त्याचे कार्य पालटले आहे. बातमीतील 'इतर' हा शब्द मोजणी संपविण्यासाठी असतो. येथे त्याच शब्दाने मोजणी सुरू होते. लेखक एकेका घरी जातो. कुस्त्राची मुलगी ह्या ग्रंथात भेटते, आणि १९७७ च्या छायाचित्राबाहेर राहिलेला मनुष्य तीस वर्षांनी चौकटीत येतो.

ह्या ग्रंथाचा दुसरा गुण त्याच्या वाक्यरचनेत आहे. मृत पित्याविषयीची लेखकाची वाक्ये बहुधा पित्याला कर्ता करतात. त्या शेवटच्या सकाळी घराबाहेर पडलेले कालाब्रेझी परत आले आणि त्यांनी टाय बदलला, ही कुटुंबाने जपलेली आठवण आहे. इतिहासाच्या दृष्टीने तिला काही मोल नाही. परंतु 'त्यांनी टाय बदलला' ह्या वाक्यात मनुष्य स्वतंत्र आहे. कोणाच्या इच्छेवरून तो कोण हे ठरलेले नाही.

वाल्तेर तोबाजी हे मिलानच्या 'कोर्रिएरे देल्ला सेरा' ह्या वृत्तपत्राचे पत्रकार व कामगार संघटनांच्या इतिहासाचे अभ्यासक. २८ मे १९८० रोजी वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी त्यांची हत्या झाली. मारणाऱ्यांतील प्रमुख मार्को बार्बोने हा प्रतिष्ठित घरातील तरुण. त्याने विस्तृत कबुली दिली आणि १९८३ साली खटला संपताच तो मोकळा झाला. तोबाजींच्या कन्या बेनेदेत्ता ह्या तेव्हा तीन वर्षांच्या होत्या. पुढे त्या इतिहासाच्या अभ्यासक झाल्या आणि २००९ साली त्यांनी पित्याविषयी ग्रंथ लिहिला. स्वतःच्या आठवणी जवळजवळ नसल्यामुळे त्यांनी पित्याची टिपणे, पत्रे, लेख ह्यांचा आधार घेतला, आणि पित्याला त्याच्या कामातून उभे केले. मृताला पुढचा दिवस नसतो, असे वर म्हटले. ह्या ग्रंथाने त्या विधानाला मर्यादा घातली पाहिजे. मृताचे आयुष्य थांबते, पण त्याच्याविषयीचे ज्ञान थांबत नाही. बालवयात जो केवळ अनुपस्थित होता, तो मुलगी त्याच्या वयाची होईपर्यंत विचार करणारा, चुकणारा, धास्तावलेला, काम करीत राहणारा मनुष्य झाला. कथेला हवे असलेले स्थित्यंतर येथे आहे. कथालेखकांनी ते शोधले नव्हते, एवढेच.

ह्या ग्रंथांची मर्यादाही सांगितली पाहिजे. कालाब्रेझी हे पुढे 'ला स्तांपा' व 'ला रेपुब्लिका' ह्या दोन मोठ्या वृत्तपत्रांचे संपादक झाले. बेनेदेत्ता तोबाजी ह्या व्यवसायाने लेखिका आहेत. लिहू शकणाऱ्या मुलांचे वडील आठवणीत परत आले. ज्या रक्षकाच्या घरी लिहिणारे कोणी नव्हते, त्याच्यासाठी एखादा कालाब्रेझी दार ठोठावीत येईपर्यंत वाट पाहावी लागते. स्मरणातील ही विषमता पत्रकारितेने निर्माण केलेल्या विषमतेहून सौम्य आहे, परंतु तिच्याच जातीची आहे.

६

ह्या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, हिंसा टाळावयाची तर हिंसा करणाऱ्याला समजून घेतले पाहिजे, आणि त्याचे घर, शिक्षण, आप्त ह्यांचा अभ्यास त्यासाठी आवश्यक आहे. हा आक्षेप मान्य करावयास हरकत नाही. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे एवढेच की, अभ्यास आणि आकर्षण ह्यांत भेद आहे. अभ्यास कर्त्याकडून क्रियेकडे व क्रियेकडून कर्माकडे जातो. क्रियेने काय नष्ट झाले हे जाणल्याखेरीज क्रिया समजली असे म्हणता येत नाही. आकर्षण कर्त्यापाशीच घोटाळते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बळी कोण, हे कोणी ठरवावयाचे? फोंताना चौकातील स्फोटानंतर जुझेप्पे पिनेल्ली ह्या अराज्यवादी रेल्वे कामगाराला पोलिसांनी ताब्यात घेतले. १५ डिसेंबर १९६९ च्या रात्री पोलीस कचेरीच्या चौथ्या मजल्यावरील खिडकीतून पडून तो मेला. ती खोली लुईजी कालाब्रेझींची होती. त्यांनीच पिनेल्लीला मारले, अशी मोहीम वृत्तपत्रांतून व रस्त्यांवरून चालली, आणि शेकडो बुद्धिवंतांनी कालाब्रेझींविरुद्धच्या पत्रकावर सह्या केल्या. १९७५ साली न्यायालयीन चौकशीचा निष्कर्ष निघाला की, पिनेल्ली पडला त्या क्षणी कालाब्रेझी खोलीत नव्हते. तोवर त्यांच्या हत्येला तीन वर्षे झाली होती. 'कालाब्रेझीने पिनेल्लीला मारले' ह्या वाक्यातील कर्ता चुकीचा होता, आणि त्या चुकीची किंमत एका मनुष्याने प्राणाने दिली. परंतु ते वाक्य खोटे ठरल्याने पिनेल्लीचा मृत्यू मिटत नाही. तो निर्दोष होता, राज्याच्या ताब्यात होता आणि मेला. त्याच्या वाक्याला आजही कर्ता नाही.

इटलीने २००७ च्या कायद्याने ९ मे हा दहशतवादाच्या बळींचा स्मृतिदिन ठरविला. २००९ च्या स्मृतिदिनी राष्ट्राध्यक्ष जोर्जो नापोलितानो ह्यांनी पिनेल्लीच्या पत्नीला आणि कालाब्रेझींच्या पत्नीला एकत्र बोलाविले; दोघींनी हस्तांदोलन केले. चाळीस वर्षे एकमेकींविरुद्ध उभ्या केलेल्या दोन षष्ठ्या तेथे प्रथमच एका वाक्यात आल्या. त्या वाक्यात मारणारा कोणीही नव्हता, आणि तरीही वाक्य अर्थपूर्ण होते. बळींचे स्मरण मारणाऱ्याच्या कथेवाचून होऊ शकते, ह्याचा हा पुरावा मानता येईल.

अखेर आपल्या भाषेविषयी. मराठीत 'बळी' हा शब्द इटालियन शब्दाप्रमाणेच मुळात यज्ञातील अर्पणाचा वाचक आहे; तो मनुष्याला दुसऱ्याच्या विधीतील द्रव्य करतो. 'हुतात्मा' हा शब्द त्याला पुन्हा कर्ता करतो खरा, परंतु आत्मार्पणाचा. आणि मुलाला शाळेत सोडून कामावर निघालेल्या मनुष्याने काहीही अर्पण केलेले नसते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील मृतांना आपण '१०५ हुतात्मे' म्हणतो. ती संख्या प्रत्येकाच्या ओठांवर असते. त्यांतील पाच नावे विचारली की पदव्युत्तर वर्गही मौन धरतो, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. 'ठार झाले' ह्या आपल्या वृत्तपत्रीय प्रयोगात तर कर्ताही लोपतो आणि मृत्यू आपोआप घडल्यासारखा वाटतो.

ह्यांपेक्षा अधिक शिकविणारे एक वाक्य व्याकरणाच्या तासाला फळ्यावर लिहून पाहावे : 'आलेस्सांद्रीनी मुलाला शाळेत सोडून मारले गेले.' हे वाक्य कानाला खटकते. मराठीतील 'ऊन'-प्रत्ययान्त रूप सामान्यतः एकाच कर्त्याच्या दोन क्रिया जोडते. येथे पहिल्या क्रियेचा कर्ता दुसऱ्या क्रियेत कर्म झाला आहे, म्हणून जोड बसत नाही. विद्यार्थी हे वाक्य दुरुस्त करू पाहतात आणि 'मुलाला शाळेत सोडल्यानंतर त्यांची हत्या झाली' असे लिहितात. दुरुस्त वाक्य निर्दोष आहे, पण त्यात मृत्यू हा दिनक्रमाचा पुढचा टप्पा वाटतो. खटकणारे वाक्य सत्याच्या अधिक जवळ आहे. मुलाला शाळेत सोडणाऱ्या मनुष्याचे आयुष्य ज्या दिशेने चालले होते तिचा त्याच्या मरणाशी काहीही संबंध नव्हता. राजकीय हिंसेविषयी लिहिणाऱ्याने, मग तो संशोधक असो वा वार्ताहर, ही न जुळणारी जोड झाकू नये. पहिल्या क्रियेचा कर्ता कोण होता, हे विचारीत राहावे.